परदेशगमन आणि घरचा जमाखर्च

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गौरवाच्या दिवशी केलेले भाषण)



चिटणिसांनी जेव्हा आम्हांस या प्रसंगी चार शब्द बोलावे अशी आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. सारा जन्म प्राथमिक शाळेत मुलांस बेरीज-वजाबाकी आणि त्रैराशिक शिकविण्यात गेला. आज येथे ज्या मुलामुलींचा गौरव होत आहे त्यांच्यापैकी कित्येकांच्या पदव्यांची नावेही आम्हांस धड उच्चारता येत नाहीत. त्यांना आम्ही काय सांगणार? परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, यंदा परदेशी जाणाऱ्या मुलांचे अर्ज पुष्कळ आले आहेत. तुम्ही हिशेबाविषयीच बोला." तेव्हा आम्ही होकार दिला, कारण हिशेब हा आमचा विषय आहे, आणि याच विषयात आमच्याच घरी आमच्या हातून एक मोठी चूक झालेली आहे. ती चूक आज चारचौघांत सांगावी म्हणून आम्ही उभे आहोत.

आमच्या आजोबांच्या पिढीत समुद्र ओलांडणे म्हणजे ज्ञातीच्या रोषास पात्र होणे होते. परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागे, पंक्तीस बसण्याची चोरी होई. आज तीच ज्ञाती परदेशी जाणाऱ्यास हारतुरे घालते. हा पालट शुभच होय. परंतु एक गोष्ट तेव्हाही आपण करीत नव्हतो आणि आजही करीत नाही. जाणाऱ्याने तेथे खावे काय, राहावे कोठे, आणि त्यास किती पैसा लागेल, याचा विचार तेव्हा धर्मचर्चेत बुडाला होता. आज तो हारतुऱ्यांत बुडतो आहे.

आता आमच्या घरची हकीकत. आमचे धाकटे बंधू तालुक्याच्या गावी किराणा मालाचे दुकान चालवितात. त्यांची कन्या, म्हणजे आमची पुतणी, विज्ञानाची पदवी घेऊन २०२३ साली पुढील शिक्षणासाठी जर्मनीस गेली. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, हे ऐकून आम्ही सारेच हरखून गेलो. फी नाही म्हणजे खर्च नाही, अशी आमची भोळी समजूत झाली.

त्या देशाचा नियम असा आहे की, विद्यार्थ्याने वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम आधीच एका खात्यात भरून दाखवावी. त्यास ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात. त्यातून दरमहा ठरावीक रक्कमच हाती येते. २०२३ साली ही रक्कम वर्षास ११,२०८ युरो, म्हणजे महिन्यास ९३४ युरो होती. बंधूंनी दुकानातल्या एका पावतीच्या पाठकोऱ्या बाजूस ९३४ ला १२ ने गुणले, युरोच्या तेव्हाच्या ८८ रुपये भावाने पुन्हा गुणले, आणि ९,८६,३०४ रुपये हा आकडा काढून कागद आमच्यापुढे ठेवला. म्हणाले, "दादा, तपासून द्या." आम्ही गुणाकार तपासला. बरोबर होता. सवयीने त्याखाली बरोबरची खूणही केली. बँकेचे कर्ज काढून पैसे भरले गेले.

गुणाकार बरोबर होता. मांडणी चुकली होती. वर्गात आम्ही मुलांना शेकडो वेळा सांगितले असेल की, उदाहरण नीट वाचा, काय दिले आहे आणि काय विचारले आहे ते पाहा. त्या दिवशी आम्ही स्वतः उदाहरण वाचलेच नाही.

जाण्यापूर्वी निरोपाची पंगत झाली. साठ हजार रुपये खर्च आला. आम्ही त्या पंगतीत जेवलो, भाषण केले, पोरीच्या गळ्यात हार घातला. तिच्या हाती रोख किती आहे हे मात्र विचारले नाही. तिच्याजवळ ६०० युरो होते.

तेथे गेल्यावर उलगडा झाला. खात्यातील पैसा तिचा स्वतःचा, परंतु तो सुरू होण्यासाठी तेथील बँकेत खाते हवे. खात्यासाठी नगरपालिकेत रहिवासाची नोंद हवी. आणि नोंदीसाठी घरमालकाचे लेखी पत्र हवे. तात्पुरत्या जागेचा मालक पत्र देईना. कायमची खोली मिळाली तर तिचा मालक अनामत मागे. ही अनामत कायद्याने मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत घेता येते. तात्पुरत्या खोलीचे भाडे तर रोजच्या रोज चुकते करावे लागे. सहा आठवडे पोरीच्या नावावर दहा लाख रुपये होते आणि हाती काही नव्हते. विहिरीच्या काठी बसून तहानेने व्याकूळ व्हावे, तशी स्थिती!

आठवड्यातून एकदा ती फोनवर दिसे. आम्ही विचारीत असू, "काय जेवलीस?" ती सांगे, "उसळ." पुढच्या आठवड्यात पुन्हा "उसळ." तिसऱ्या आठवड्यातही तेच. चाळीस वर्षे मुलांची तोंडे पाहून खरे-खोटे ओळखण्यात गेली आहेत. आम्ही तिला एकटीला गाठून विचारले. तेव्हा ती रडली. म्हणाली, "आप्पा, एक वेळ जेवते. दुकानात कोबीचा गड्डा उचलते, मनात रुपये करते आणि परत ठेवते. बाबांना सांगू नका, ते आईच्या पाटल्या मोडतील."

आम्ही सांगितले, आणि तसेच झाले. भावजयीच्या पाटल्या सावकाराकडे गहाण पडल्या. शेकडा तीन दरमहा व्याजाने १,३०,००० रुपये घेतले आणि ते पोरीस धाडले. त्या पाटल्या गेल्या दिवाळीत, म्हणजे २०२५ साली सुटल्या. दरमहा ३,९०० रुपये, चोवीस महिने. नुसते व्याजच ९३,६०० रुपये झाले. पुतणी उत्तम रीतीने उत्तीर्ण झाली, आता तेथेच काम शोधीत आहे, हे ईश्वराचे उपकार. परंतु पंगतीचे साठ हजार तिच्या हाती दिले असते, तर कर्ज जवळजवळ निम्मेच काढावे लागले असते. हा हिशेब आम्ही रोज रात्री मनाशी करतो.

आता हकीकत पुरे. उदाहरण नीट मांडू या. आम्ही जर्मनीचेच आकडे देतो, कारण तेच आम्ही पदरमोड करून शिकलो. इतर देशांचे आकडे वेगळे असतील, परंतु मांडणीची रीत हीच. युरोचा भाव सोयीसाठी १०५ रुपये धरला आहे. आपण त्या दिवशीचा भाव घालावा.

पहिली गोष्ट, खर्चाचे तीन भाग करावेत: निघण्यापूर्वीचा, पहिल्या महिन्याचा आणि दरमहाचा. आम्ही फक्त तिसरा भाग केला होता, हीच आमची चूक.

निघण्यापूर्वीच्या भागात भाषेची परीक्षा, विमानाचे तिकीट आणि व्हिसाचे ७५ युरो येतात. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यास पदव्यांच्या पडताळणीचे एपीएस नावाचे प्रमाणपत्रही लागते. त्याचे शुल्क १८,००० रुपये ठरविण्यात आले. पैसे परदेशी पाठविताना बँक आपले शुल्क घेते आणि कागदावरच्या भावापेक्षा महाग भावाने युरो देते. एका वर्षात दहा लाखांहून अधिक रक्कम घरच्या पैशांतून पाठविल्यास वरच्या रकमेवर उगमस्थानी करही वसूल होतो. ही दहा लाखांची मर्यादा एप्रिल २०२५ पासून आली. हा कर पुढे आयकराच्या विवरणात वळता करून घेता येतो, परंतु तोवर पैसा अडकतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठविलेल्या रकमेस मात्र तेव्हापासून ही वसुली लागू नाही.

पहिल्या महिन्याचा भाग असा. मध्यम आकाराच्या शहरात सहनिवासातील एक खोली, भाडे उष्णतेच्या खर्चासह ४२० युरो, त्यांपैकी मूळ भाडे ३४०, असे समजू. तेथे जाहिरातीत थंड भाडे आणि गरम भाडे असे दोन आकडे असतात. थंड म्हणजे नुसत्या जागेचे, गरम म्हणजे पाणी, उष्णता वगैरे धरून. स्वस्त पाहून थंड आकड्यावर भुलू नये.

तीन महिन्यांची अनामत … १,०२० युरो
पहिले भाडे … ४२० युरो
विद्यापीठाचे सहामाही शुल्क … ३०० युरो
आरोग्य विमा … १४५ युरो
निवास-परवाना … १०० युरो
अंथरूण, भांडी, थंडीचा कोट … २०० युरो
भोजन … २२० युरो
फोन … १५ युरो
एकूण … २,४२० युरो

म्हणजे सुमारे अडीच लाख रुपये. ही रक्कम ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर, निराळी हवी. अनामत खोली सोडताना परत मिळते, म्हणून ती खर्च नव्हे. परंतु भूक लागली असता ती खाता येत नाही.

दरमहाचा भाग पुढीलप्रमाणे. सप्टेंबर २०२४ पासून खात्याची रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे महिन्यास ९९२ झाली आहे.

खोली … ४२० युरो
आरोग्य विमा … १४५ युरो
भोजन … २२० युरो
सहामाही शुल्काचा मासिक वाटा … ५० युरो
फोन … १५ युरो
नभोवाणी-शुल्काचा वाटा … ६ युरो
वह्या, औषध, कपडे, किरकोळ … ६० युरो
एकूण … ९१६ युरो
शिल्लक … ७६ युरो

विमा तेथे ऐच्छिक नाही, आणि विद्यार्थ्याचा सवलतीचा दर तिसाव्या वर्षी संपतो. उशिरा जाणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे. नभोवाणीचे शुल्क दर घरास महिना १८.३६ युरो असते. तिघे राहत असतील तर तिघांत वाटावे. पुष्कळ विद्यापीठांच्या सहामाही शुल्कातच आगगाडी-बसचे तिकीट असते. ते नसेल तर देशभर चालणारे मासिक तिकीट काढावे लागते. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोंना निघाले, जानेवारी २०२५ मध्ये ५८ झाले, जानेवारी २०२६ मध्ये ६३. महागाई केवळ आपल्याकडेच आहे असे कोणी समजू नये.

शिल्लक ७६ युरो पाहून कोणाला वाटेल, भागले. परंतु हाच मुलगा म्युनिक शहरी गेला तर सहनिवासातील खोलीस ७०० ते ८०० युरो पडतात. ७५० धरा. खर्च १,२४६ होतो, म्हणजे दरमहा २५४ युरोंची तूट. वर्षास ३,०४८ युरो, सुमारे तीन लाख वीस हजार रुपये! उलट पूर्वेकडील केमनिट्झसारख्या शहरी ३०० युरोंच्या आसपास खोली मिळते. म्हणून विद्यापीठ निवडताना केवळ नाव पाहू नये, नगरही पाहावे. फीदेखील सर्वत्र माफ नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग या प्रांतात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यास सहामाहीस १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली आहे.

दुसरी गोष्ट, जमेच्या बाजूस काय लिहावे? पुष्कळ पालक म्हणतात, "मुलगा तेथे काम करून भागवील." तेथे विद्यार्थ्यास वर्षास १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे, आणि किमान वेतन जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे, हे खरे. परंतु काम मिळण्यास भाषा यावी लागते, आणि परीक्षेच्या काळात काम सोडावे लागते. म्हणून आमचा नियम असा: पहिल्या सहामाहीत कामाची कमाई जमेस शून्य धरावी. हाती आल्यावर लिहावी. बाजारात तुरी, त्यांचे वरण आधी शिजवू नये.

तिसरी गोष्ट रुपयाची. आपण कर्ज रुपयांत काढतो, मूल खर्च युरोत करते. २०२३ साली ज्या वर्षभराच्या खात्यास ९,८६,३०४ रुपये पुरले, त्याच खात्यास आजच्या रकमेने आणि १०५ च्या भावाने १२,४९,९२० रुपये लागतात. दोन-अडीच वर्षांत अडीच लाखांहून अधिक अंतर! शिक्षण दोन वर्षांचे असते आणि निवास-परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी पुढील निर्वाहाची तरतूद पुन्हा दाखवावी लागते. तेव्हा दुसऱ्या वर्षासाठी आजच्या भावावर शेकडा दहा तरी वाढवून धरावेत. आणि कर्जाचे हप्ते शिक्षणानंतर सुरू होत असले तरी व्याज झोपत नाही. पंधरा लाखांवर शेकडा दहा दराने दोन वर्षांत तीन लाख रुपये नुसते उभे राहतात.

चौथी गोष्ट घरच्या चुलीची. मुलाच्या तक्त्याशेजारी घराचाही तक्ता मांडावा. दुकान दोन महिने बसले, घरात कोणास इस्पितळात न्यावे लागले, तर काय? म्हातारपणाची पुंजी आणि आजारपणाची ठेव ही मुलाच्या जमेत धरू नये. मूल मार्गी लागावे म्हणून आईबापांनी निराधार व्हावे, यात मुलाचेही कल्याण नाही. ते ओझे त्याच्याच डोक्यावर परत येते.

परदेशातील हिशेबाचा एक थोर दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेस गेले, ते सयाजीराव गायकवाड महाराजांच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. पुढे १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करण्यास ते लंडनला गेले, तेव्हा त्यांची जमेची बाजू तिहेरी होती: सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीत साठविलेला पैसा, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज. स्वतःची बचत, समाजाचा हात आणि फेडता येईल असे ऋण, या तीन पायांवर ती जमा उभी होती. आपल्या मुलांची जमा आपण बहुधा एकाच पायावर, कर्जावर, उभी करतो. मग ती डगमगते यात नवल काय?

येथे मंडळाचे कर्तव्य येते. कार्यकारिणीपुढे आम्ही नम्रपणे तीन सूचना ठेवतो.

पहिली. परदेशी शिक्षणासाठी मंडळाकडे मदत मागणाऱ्या प्रत्येकाने अर्जासोबत वरील तीन भागांचा तक्ता जोडावा. तो तपासण्याचे काम, देह चालतो तोवर, आम्ही विनामूल्य करू. या वेळी नुसता गुणाकार तपासणार नाही.

दुसरी. मंडळ आज थोडी थोडी रक्कम पुष्कळांस वाटते. त्याऐवजी पहिल्या महिन्यासाठी बिनव्याजी, परतफेडीचा निधी उभारावा. मुलाचे खाते सुरू झाले, अनामत परत आली, काम मिळाले, की वर्षा-दोन वर्षांत रक्कम परत यावी आणि पुढच्या मुलास मिळावी. एका पाटल्यांच्या जोडीवरचे व्याज वाचले तरी त्या निधीचे सार्थक झाले. आरंभ म्हणून आमच्या निवृत्तिवेतनातून ११,००० रुपये आम्ही आज खजिनदारांकडे देत आहोत.

तिसरी. निरोपाच्या पंगती, चौकातील फलक आणि शाली ज्ञातीने बंद कराव्यात. ज्यास प्रेम आहे त्याने पाकिटात रोख आहेर द्यावा. भगिनींना विनंती की, मुलगा असो वा मुलगी, निघण्यापूर्वी वरणभात, पोळी आणि दोन भाज्या त्यास स्वतःच्या हाताने करता याव्यात. रोज बाहेर जेवणाऱ्याचे २२० युरो पंधरा दिवसांत संपतात.

शेवटी येथे बसलेल्या मुलांस एकच सांगणे. दर महिन्याच्या अखेरीस आपला जमाखर्च लिहा आणि घरी पाठवा. घरचे हिशेब मागतात ते संशयाने नव्हे. तूट पडली तर ती पहिल्या आठवड्यात सांगा. सहाव्या आठवड्यात सांगितलेली तूट व्याजासह येते. उपाशी राहून आईबापांस वाचविता येत नाही. आणि पालकांनो, मूल सांगेल तेव्हा आधी रागावू नका, म्हणजे ते पुढच्या वेळीही सांगेल.

बंधूंच्या दुकानात ती पावती अद्याप जपून ठेवलेली आहे. तिच्यावर आमच्या हातची बरोबरची खूण आहे. ती खोडून टाकावी असे अनेकदा मनात आले. परंतु आम्ही ती तशीच ठेवण्यास सांगितले आहे. पुढल्या अर्जदाराचा तक्ता हाती घेताना आम्ही ती शेजारी ठेवणार आहोत.